कंट्रोलचा घोडा

लॅबच्या दारात दोन घोडे उभे होते आणि आत बाकावर शुगरचे सात पेशंट उपाशीपोटी बसले होते. घोड्यांचा नाश्ता झालेला होता, त्यामुळे ते खुशीत होते. पेशंट नव्हते.

"बाई, आधी आमचा नंबर का घोड्याचा?" कदम गुरुजींनी विचारलं.

"घोड्याचा. तुमची शुगर कुठं पळून जात नाही," मी म्हणाले आणि हातमोजे घालून बाहेर गेले.

अंबाजोगाईत माझी छोटीशी पॅथॉलॉजी लॅब आहे. आधी सरकारी नोकरीत लॅब टेक्निशियन होते, रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत मायक्रोस्कोप मांडला. पस्तीस वर्षं रक्त बघतेय, पण माणसांचं. घोड्याचं रक्त माझ्याकडे आलं ते डॉ. सोनवणेंमुळे. ते केज तालुक्यात जनावरांची प्रॅक्टिस करतात. माझ्या भाच्याचे वर्गमित्र, म्हणून मला मावशी म्हणतात, आणि मावशी म्हटलं की काहीही काम सांगता येतं असा त्यांचा समज आहे.

पेशंट होती नगिना. नऊ वर्षांची पांढरी घोडी, वरातीत नाचणारी. मालक नांदूरघाटचे गफूरभाई. वर्षभरापासून नगिनाचं एक दुखणं संपलं की दुसरं सुरू होत होतं. मानेवर गळू झालं, ते फोडलं, भरलं. मग छातीवर झालं. मग खोकला, मग पाठीवर बुरशीचे चट्टे. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की पंधरा दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. सोनवणेंनी संसर्गजन्य रोगांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, त्यात काही निघालं नव्हतं. उरली होती एकच शंका.

"मावशी, काही घोड्यांची प्रतिकारशक्ती मोठेपणी आपोआप संपते," त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. "का संपते ते नीट कळलेलं नाही, आणि त्यावर औषधही नाही. तसं असेल तर नगिनाचे फक्त हाल वाढणार."

"मग?"

"मग तिला झोपवायचं. गफूरभाईंना मी बोललोय."

झोपवायचं म्हणजे काय ते मला समजलं. पस्तीस वर्षांत मी वाईट रिपोर्ट पुष्कळ दिले, पण रिपोर्ट वाचून पेशंटला मारतील असा एकही दिला नव्हता. मी आढेवेढे घेतले. मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवा म्हटलं. पण या टेस्टला पेशी जिवंत लागतात, त्याही दोन-चार तासांतल्या. बर्फात ठेवलं तरी बिघडतं. आपल्याकडून पुण्या-मुंबईला सँपल पोचेपर्यंत त्यातल्या पेशींचा कारभार आटोपलेला असतो. म्हणून घोडीच माझ्या दारात आणायची ठरलं.

टेस्ट ऐकायला अवघड वाटते, पण करायला स्वयंपाकाइतकी सोपी आहे. रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतू दिसला की गिळायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांना जंतूऐवजी यीस्ट द्यायचं. पाव फुगवायला बेकरीत वापरतात तेच, उकळून मारलेलं. दोन्ही एका ट्यूबमध्ये घालायचं, अंगाच्या उबेइतक्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, स्लाइड करायची, रंगवायची आणि शंभर पेशी मोजायच्या. किती पेशींच्या पोटात यीस्ट दिसतं ते बघायचं. निरोगी घोड्याच्या बहुतेक पेशींनी हात मारलेला असतो.

आता निरोगी घोड्याच्या म्हणजे कोणत्या? इथे कंट्रोल लागतो. कंट्रोल म्हणजे ज्याला काही झालेलं नाही असा, शेजारी ठेवून तुलना करायला. नुसती आजारी घोडी तपासली आणि पेशी सुस्त निघाल्या, तर दोष पेशींचा का माझ्या यीस्टचा हे कळत नाही. माणसांच्या लॅबमध्ये कंट्रोलची अडचण नसते, टेक्निशियन स्वतःचं रक्त काढतो. मी आयुष्यभर कंट्रोल होते. पण घोड्याच्या टेस्टला घोडाच पाहिजे, म्हणून सोनवणेंनी गफूरभाईंना एक चांगला, तब्येतीचा घोडा सोबत आणायला सांगितलं होतं.

तो चांगला घोडा आला बीडजवळच्या पालीहून, पिकअपमधून. गफूरभाईंचे मेव्हणे रशीदभाई यांचा. बाहेर जाऊन बघते तर लॅबशेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, लिंबाखाली, कपाळावर तुरा, गळ्यात घुंगरांची माळ, अंगावर जरीची झूल असा तो सुलतान उभा. अंगावरून हात फिरवला असता तर घसरला असता. शेजारी नगिना. बरगड्या मोजता येत होत्या. मान खाली घालून ती गफूरभाईंच्या खिशाला नाक लावत होती.

"अहो, रक्त काढायचंय, वरात न्हाई काढायची," मी रशीदभाईंना म्हणाले.

"बाई, डॉक्टरसाहेबांनी चांगला घोडा मागितलता. पाव्हण्याच्या कामाला आमच्या घरचं जनावर जायचं, ते काय तसंच आणायचं का?"

गफूरभाई मात्र नगिनाला सोडत नव्हते. साठीचा, सडसडीत माणूस. सोनवणेंनी नगिनाच्या मानेला सुई लावली तेव्हा ते तिच्या कानात काहीतरी पुटपुटत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, एक इनंती हाय. ती बरी व्हनार नसंल तर फिरवून फिरवून सांगू नका. मी तिला इकणार न्हाई आन तिचे हाल बी बघणार न्हाई. आजच्या आज काय ते सांगा."

मी बरं म्हणाले आणि पटकन आत आले.

आत आल्यावर घोड्याच्या रक्ताने पहिला धक्का दिला. माणसाचं रक्त ट्यूबमध्ये उभं ठेवलं तर तांबड्या पेशी खाली बसायला तासभर लागतो. घोड्याचं रक्त बघता बघता खाली बसलं. मी ट्यूब स्टँडला लावून एका पेशंटचं रक्त घेतलं आणि वळले, तर वर पिवळं पाणी तयार. पांढऱ्या पेशी त्या पिवळ्या पाण्यातच तरंगतात, म्हणजे माझं अर्धं काम घोड्यानेच करून दिलं. मी खूश झाले. दोन्ही ट्यूबमध्ये यीस्ट घातलं आणि मधल्या अर्ध्या तासात बाकावरचे सगळे पेशंट उरकले.

गुरुजींचं रक्त घेताना त्यांनी अभिमानाने सांगितलं, "दोन दिवस झाले, गोडाला शिवलो नाही. रिपोर्ट एकदम नॉर्मल येणार बघा."

"आणि उद्यापासून?"

"उद्या नातीचा वाढदिवस आहे," गुरुजी म्हणाले.

स्लाइडा तयार झाल्या. आधी नगिनाची बघितली. शंभर पेशी मोजल्या. यीस्ट खाल्लेल्या पेशी शंभरात वीससुद्धा नाहीत. बाकीच्यांच्या शेजारी यीस्ट पडलेलं आणि त्या ढिम्म. खिडकीतून गफूरभाई दिसत होते, घोडीवरच्या माशा हाकत होते.

मग सुलतानची स्लाइड लावली आणि मी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. पस्तीस. नगिनापेक्षा बऱ्या, पण निरोगी घोड्याला न शोभणाऱ्या.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. कंट्रोल फेल तर टेस्ट फेल. मग पेशंटचा आकडा काही का असेना, तो कचऱ्यात. मी सोनवणेंना आत बोलावलं.

"टेस्ट फेल गेली. यीस्ट खराब असेल किंवा पाण्याचं टेंपरेचर चुकलं असेल."

"पण नगिनाचा आकडा तर मला वाटलं तसाच आहे ना?"

"डॉक्टर, तुम्हाला वाटलं तसा आहे म्हणून तो खरा होत नाही."

"मावशी, गफूरभाई आजच सांगा म्हणतायत. पुन्हा घोडे आणणं, पुन्हा..."

"मग काय अंदाजाने मारायची का घोडी?" मी जरा जोरातच बोलले. बाहेर ऐकू गेलं नसावं अशी आशा आहे.

मी रागाच्या भरात स्वतःच्या दंडाला पट्टा आवळला आणि सोनवणेंच्या हातात सिरिंज दिली. "काढा. मीच कंट्रोल." त्यांनी माणसाचं रक्त कधी काढलं नव्हतं. दोनदा टोचलं. पण तेच यीस्ट, तेच पाणी, तोच अर्धा तास, आणि माझ्या पेशींनी लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं यीस्ट संपवलेलं. म्हणजे सामान ठीक होतं. माझा हातही ठीक होता. घोडेच सुस्त होते, दोन्ही.

एक आजारी आणि एक ठणठणीत, आणि दोघांच्या पेशी झोपलेल्या. हे काही केल्या जुळेना. विचार सुचेना म्हणून मी दोन्ही घोड्यांच्या साध्या रक्ताच्या स्लाइडा काढून नुसत्या बघत बसले. त्यात माझा एक स्वार्थही होता. सोनवणेंनी मला सकाळीच लालूच दाखवली होती, "मावशी, घोड्याचा इओसिनोफिल एकदा बघाच. डाळिंब फोडून ठेवल्यासारखा दिसतो."

इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींतली एक जात. जंत आणि अ‍ॅलर्जी हे तिचं खातं. चरणाऱ्या घोड्याच्या पोटात थोडेफार जंत असतातच, त्यामुळे शंभर पेशींत चार-दोन डाळिंबं दिसायला हवीत. नगिनाच्या स्लाइडवर एकही दिसलं नाही. ती आजारी होती, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. सुलतानच्या स्लाइडवर दोनशे पेशी बघितल्या. एकही नाही. लिम्फोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीही कमी. न्यूट्रोफिलांची मात्र नुसती गर्दी.

"तुमची डाळिंबं काही दिसली नाहीत बुवा," मी कुरकुरले. आणि ते वाक्य बोलता बोलता मला आठवलं की असं रक्त मी पुष्कळ वेळा बघितलंय. घोड्याचं नाही. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांचं.

आपल्याकडे गावोगाव एक पुडी मिळते. गुडघ्याची, दम्याची, कंबरेची. घेतली की दुसऱ्या दिवशी म्हातारी तुरुतुरु चालते. पुडीत असतं स्टेरॉइड. सूज उतरते, दुखणं दबतं, भूक लागते, तरतरी येते. आणि जंतू गिळणाऱ्या पेशी आळशी होतात. अशा पेशंटच्या रक्तातून इओसिनोफिल गायब झालेले असतात. त्यांना विचारा, काही औषध घेता का? ठामपणे सांगणार, काहीच नाही. कारण औषध डॉक्टर देतो, पुडी तर शेजारीण आणून देते. त्यामुळे मी त्यांना औषधाचं कधी विचारतच नाही. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, ते विचारते.

बाहेर गेले. सोनवणे मागोमाग आले.

"रशीदभाई, आज इकडं यायचं म्हणून काल सुलतानचं काय काय केलं?"

रशीदभाई खुलले. कुणीतरी विचारायचीच वाट बघत असावेत. "सकाळी आंगूळ. आयाळीला तेल. खुरं घासली. दुपारी चना आन गूळ. सांजच्याला तयारीची सुई. मग रात्री..."

"थांबा. कसली सुई?"

"तयारीची हो. ताकदीची. पाव्हण्यात जायचं, गिऱ्हाइकाला दावायचं, तर आदल्या दिशी एक देत्यात. जनावर कसं टवटवीत दिसतं. तुमच्यापुढं मान खाली घालून उभा ऱ्हायला असता तर आमची काय इज्जत ऱ्हायली असती?"

सोनवणेंनी पिकअपच्या डॅशबोर्डवरून बाटली आणायला लावली. लेबल वाचलं आणि माझ्या हातात दिली. डेक्सामेथासोन. स्टेरॉइडच. ज्या घोड्याने निरोगी कसा असतो ते दाखवायचं, त्यालाच मेकअप करून आणलेलं.

मला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात गफूरभाई सहज म्हणाले, "ती सुई तर आमी बी देतो की."

"कुणाला?"

"नगिनाला. हिचा पुढचा पाय दुखायचा नाचताना. वरातीच्या आदल्या दिशी दिली की लंगडत न्हाई."

सोनवणेंचा आवाज चढला. "गफूरभाई, मी तुम्हाला तीनदा विचारलं, औषध काय देता!"

"औषध न्हाईच दिलं साहेब. तुमीच तर दिलं सगळं औषध. ही तर नुसती ताकद हाय."

"किती वेळा देता?" मी विचारलं.

"आदी तिथी असंल तवाच. मग ती सुस्त पडाया लागली, तसं आठवड्यात दोनदा. मागल्या महिन्यापासून एक दिवसाआड." ते थांबले. माझ्याकडं बघितलं, सोनवणेंकडं बघितलं. हुशार माणूस, आम्ही काही सांगायच्या आधीच त्यांना कळलं. "म्हंजी... मी देत गेलतो म्हनून?"

मी बाटली सोनवणेंना परत दिली.

"ती जशी जास्त आजारी पडंल तशी मी जास्त देत गेलतो," गफूरभाई म्हणाले. आणि नगिनाच्या मानेवर तोंड ठेवून रडायला लागले.

"दुल्हेभाई, आवो, तुमाला काय म्हाईत..." रशीदभाई पुढे झाले.

"गप बे," गफूरभाई म्हणाले.

मलाही भरून आलं. पण रडत बसून चालणार नव्हतं, कारण त्या माणसाला अजून एक गोष्ट समजलेली नव्हती आणि ती सांगायची घाई होती. मी म्हणाले, "गफूरभाई, ऐका. तुम्ही फिरवून सांगू नका म्हणालात, तर सरळ सांगते. सुईनं झोपवलेल्या पेशी सुई सुटली की उठू शकतात. तिच्या पेशी मुळातच मेल्यात का झोपल्यात, ते आज सांगता येत नाही. पण आज तिला मारायचं काही कारण उरलेलं नाही."

त्यांनी डोळे पुसून सोनवणेंकडे बघितलं. सोनवणेंनी मान हलवली.

औषधाचं पुढचं सगळं सोनवणेंनी केलं. सुई एकदम बंद करता येत नाही. बाहेरून इतके दिवस मिळत राहिली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा, गळवं साफ ठेवायची, पायाला विश्रांती, नाचणं पूर्ण बंद. सीझनच्या उरलेल्या तारखा रशीदभाईंनी घेतल्या, सुलतानवर, आणि सुई न देता. "नाचला न्हाई तर न्हाई, नवरदेवाला घिऊन चालंल तर की," असं ते म्हणाले. ऐकलं की एका वरातीत सुलतान बँडसमोर नुसता उभा राहिला आणि नवरदेवालाच खाली उतरून नाचावं लागलं.

त्या दिवशीच्या रिपोर्टवर मी लिहिलं, "कंट्रोल अयोग्य. निष्कर्ष नाही. पुन्हा तपासावे." इतका निरुपयोगी रिपोर्ट मी क्वचितच दिला असेल, आणि इतक्या आनंदाने तर कधीच नाही.

पुन्हा तपासायला ते दिवाळीच्या आधी आले. मधल्या काळात काय होतंय ते सोनवणे सांगत होते. एक गळू ऑगस्टमध्ये झालं होतं, पण आपलं आपण भरलं. तरी त्या सकाळी मी यीस्ट दोनदा उकळलं. झोपलेल्या उठतात असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते, आणि नाही उठल्या तर ते वाक्य मलाच परत घ्यावं लागणार होतं.

नगिना पिकअपमधून उतरली ती मला ओळखू आली नाही. बरगड्या झाकल्या होत्या. मागोमाग सुलतान उतरला. अंगावर धूळ, शेपटीत गोखरू, आयाळीचा गुंता, तुरा नाही, घुंगरू नाही.

"बाई, जसा हाय तसा आणलाय," रशीदभाई शरमून म्हणाले. "तोंडावर पाणी सुदिक मारलं न्हाई."

अर्ध्या तासाने आधी सुलतानची स्लाइड लावली. पेशींनी यीस्ट भरपूर खाल्लेलं होतं. कंट्रोल पास. मग नगिनाची. मोजायला लागले. खाल्लेली, खाल्लेली, न खाल्लेली, खाल्लेली. शंभर पूर्ण झाले तेव्हा ती सुलतानच्या चार-पाचच मागे होती. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, कारण मला खोटा आनंद नको होता. तेवढ्याच भरल्या.

मग साध्या रक्ताची स्लाइड लावली आणि सरकवत गेले. तिसऱ्याच कोपऱ्यात ते दिसलं. गोल, लालबुंद, दाण्यांनी ठासून भरलेलं डाळिंब. सोनवणे खोटं बोलले नव्हते. मी दाराकडे जाऊन गफूरभाईंना हाक मारली. ते चप्पल काढून आत आले, एक डोळा मिटून वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"हे नगिनाच्या आत हाय?"

"हो."

"आन मागल्या टायमाला नव्हतं?"

"नव्हतं."

ते सरळ उभे राहिले. खिडकीतून बाहेर बघितलं. नगिना माझ्या कुंडीतली तुळस खात होती.

"लई सुंदर हाय," ते म्हणाले. तुळशीबद्दल त्यांनी माफी मागितली नाही आणि मीही नगिनाला हाकललं नाही.

आता नगिना वरातीत नाचत नाही. नवरदेवाला पाठीवर घेऊन शांतपणे चालते, आणि म्हाताऱ्या नवरदेवांना तीच हवी असते असं ऐकते. मी मात्र या प्रकरणातून एक सुधारणा केली. लॅबच्या दारावर "उपाशीपोटी यावे" असा बोर्ड आहे. त्याखाली पेंटरकडून आणखी एक ओळ लिहून घेतली: "जसे आहात तसे यावे. तयारी करून येऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी कदम गुरुजी पहिल्या नंबरला आले. बोर्डासमोर थांबले, दोन्ही ओळी सावकाश वाचल्या.

"मी तर दोन दिवस गोड सोडून आलोय. मग शुक्रवारी येतो," म्हणाले आणि परत गेले.